जिंजीच्या काळांतील अधिकारदान

धन्यानें काम सांगावें, तें कसें करावें हें चाकरानें ठरवावें, आणि झाल्या कामाचा जाब धन्यानें घ्यावा, ही वांटणी बोलण्यास सोपी व आचरण्यास अवघड आहे. पेढ्या, कारखाने व कंपन्या यांच्या चालकांस हल्लीं या वांटणीविषयीं पुष्कळ उपदेश करण्यांत येतो. हाताखालच्या माणसांस आपल्या बुद्धीनें काम करूं द्यावें, प्रत्येक गोष्टीसाठीं त्यांस वर विचारावयास लावूं नये, असें त्यांस सांगण्यांत येतें. हा उपदेश बहुतेक परदेशांतून आलेला असल्यामुळें त्याचे दाखलेही तिकडचेच असतात. आमच्या दप्तरांत मात्र या प्रश्नाचा एक असा दाखला आहे कीं, त्यांत धनी एका टोकास, कारभार दुसऱ्या टोकास आणि मध्यें सगळा शत्रूच्या फौजांनीं व्यापलेला मुलूख, अशी स्थिति होती. आणि ती महिना दोन महिने नव्हे, तर आठ वर्षांहून अधिक काळ टिकली. छत्रपति राजाराममहाराज जिंजीस असतां महाराष्ट्रांतील राज्यकारभार त्यांच्या सेवकांनीं चालविला, तो हा दाखला होय.

या काळाचें वर्णन करतांना आमच्या इतिहासकारांचा भर बहुधा पराक्रमावर असतो, आणि तो योग्यही आहे. राजा नाहीं, खजिना नाहीं, राजधानी नाहीं, तरी मराठे लढले, हें वाक्य शाळेच्या पुस्तकांपर्यंत पोंचलें आहे. परंतु पराक्रमास हुकूम लागतो, हुकुमास शिक्का लागतो, आणि शिक्का कोणाच्या हातीं असावा हें कोणीतरी ठरवावें लागतें. त्या ठरविण्याकडे जितकें लक्ष जावयास पाहिजे तितकें गेलें नाहीं असें आम्हांस वाटतें. शिवाय त्या व्यवस्थेंतील जे दोष पुढें शंभर वर्षें मराठी राज्यास भोंवले, त्यांचें मूळही तेथेंच आहे. म्हणून गुण व दोष दोन्ही एकत्र पाहणें इष्ट.

प्रसंग सर्वांस ठाऊक आहे, थोडक्यांत सांगतों. इ. स. १६८९ च्या फेब्रुवारींत संभाजीमहाराज संगमेश्वरास पकडले गेले व मार्चांत त्यांचा वध झाला. रायगडास मोंगलांचा वेढा पडला. एकोणीस वर्षांचे राजाराममहाराज एप्रिलांत रायगडाहून निघाले, प्रतापगडावरून पन्हाळ्यास आले, आणि सप्टेंबरच्या अखेरीस वेष पालटून तेथून दक्षिणेकडे गेले. वाटेंत बेदनूरच्या राणी चन्नम्मेनें त्यांस साह्य केलें. नोव्हेंबरांत ते जिंजीस पोंचले. त्याच महिन्यांत इकडे रायगड पडला व येसूबाई आणि शाहू शत्रूच्या हातीं सांपडले. महाराजांबरोबर प्रल्हाद निराजी, खंडो बल्लाळ वगैरे मंडळी होती; प्रल्हाद निराजीस पुढें प्रतिनिधि हें नवें पद मिळालें. महाराष्ट्रांत राहिले ते रामचंद्र नीलकंठ अमात्य, शंकराजी नारायण, परशुराम त्रिंबक इत्यादि. या मंडळींत मुख्यत्व रामचंद्रपंताकडे आलें आणि त्यास ‘हुकूमतपन्हा’ असा किताब मिळाला.

किताब फारसी आहे. हुकूमत म्हणजे सत्ता, पनाह म्हणजे आश्रय. अष्टप्रधानांचीं नांवें शिवाजीमहाराजांनीं राज्याभिषेकाच्या वेळीं संस्कृत केलीं, आणि पंधरा सोळा वर्षांत पुन्हा फारसी किताब चालूं झाले, याचें कित्येकांस वाईट वाटतें. घोरपड्यांच्या घराण्यांत हिंदुराव, अमीर-उल-उमराव असे किताब याच काळीं आले. भाषेचा प्रश्न बाजूस ठेवून अर्थाकडे पाहिलें म्हणजे दिसतें कीं, अमात्य हें पद ज्या कामाचें होतें, त्या कामांत हा नवा अधिकार मावत नव्हता. अमात्य म्हणजे जमाखर्चाचा प्रधान. हुकूमतपन्ह्यास गड राखावयाचे, गेलेले परत घ्यावयाचे, हवालदार नेमावयाचे व काढावयाचे, फौजेस रोजमुरा पोंचवावयाचा, वतनाचे निवाडे करावयाचे आणि मोंगलांकडे वळलेल्या देशमुखांस परत आणावयाचें, इतकीं कामें होतीं. हीं अमात्याच्या नांवानें केलीं असतीं तर प्रत्येक देशमुखानें विचारलें असतें कीं, हा तुम्हांस अधिकार कोणीं दिला? महाराजांनीं नांव बदलून त्या प्रश्नाचें उत्तर आधींच देऊन ठेवलें.

यावर कोणी म्हणेल कीं, अधिकार दिला असें म्हणण्यांत अर्थ नाहीं. महाराज दूर गेले म्हणून तो आपोआप गेला. आम्हांस हें पटत नाहीं. दूर गेलेले राजे इतिहासांत पुष्कळ आहेत, आणि त्यांतील बहुतेकांनीं दूर बसून देखील हुकूम आपल्याच हातीं ठेवण्याचा यत्न केलेला दिसतो. शिवाय या अधिकारदानास घरांतच एक पूर्वपीठिका होती. इ. स. १६६६ मध्यें शिवाजीमहाराज आग्र्यास गेले, तेव्हां मातुश्री जिजाबाई यांच्या देखरेखीखालीं राज्याचा भार मोरोपंत, निळोपंत इत्यादिकांवर सोंपविला होता. महाराज नजरकैदेंत पडले, मग निसटले, आणि ते परत येईपर्यंत राज्य जागच्या जागीं राहिलें. एकाही किल्लेदारानें शत्रूशीं संधान बांधून गड दिल्याचें आढळत नाहीं. या मंडळींतील निळोपंत म्हणजे निळो सोनदेव मुजुमदार, आणि रामचंद्रपंत हा त्याचाच पुत्र. धनी परमुलुखांत असतां राज्य कसें राखावें याची गोष्ट त्यानें घरांत ऐकली असेल, हा आमचा तर्क. परंतु बापाची व मुलाची नेमणूक एकाच प्रकारची होती, हा तर्क नव्हे.

येथें शिवाजीमहाराजांच्या रीतीविषयीं दोन शब्द बोलणें अवश्य आहे. कारण रामचंद्रपंत, शंकराजी, संताजी, हे सर्व त्या रीतींत वाढलेले. महाराज सेवकांस मोकळीक देत किंवा नसत, असा प्रश्न केला तर दोन्ही बाजूंचे पुरावे निघतात. चिपळुणाजवळ दळवटणें येथें लष्कराची छावणी होती, तेथील जुमलेदार, हवालदार व कारकून यांस इ. स. १६७४ च्या मे महिन्यांत लिहिलेलें पत्र संशोधकांच्या परिचयाचें आहे. त्यांत दाणावैरण पावसाळाभर पुरवून वापरण्यापासून तों दिव्याची जळती वात उंदीर ओढून नेतील येथपर्यंत सर्व गोष्टी आहेत. इतकें बारीक लिहिणारा धनी सेवकांस काय मोकळीक देणार, असें प्रथमदर्शनीं वाटतें. पत्र पुन्हा वाचलें म्हणजे निराळी गोष्ट ध्यानांत येते. त्यांत जवळजवळ प्रत्येक आज्ञेबरोबर तिचें कारण सांगितलें आहे. वैरण आतां उधळली तर भर पावसांत मिळणार नाहीं व घोडीं मरतील. रयतेच्या काडीस हात लावला तर रयत गांव सोडून जाईल, आणि तुमच्यापेक्षां मोंगल बरे असें म्हणूं लागेल. आग लागली तर गवत जाईल, गवत गेलें कीं पागा बुडेल. ज्यास नुसती आज्ञा मिळते तो आज्ञेबाहेरचा प्रसंग आला म्हणजे थांबतो. ज्यास कारण कळलें आहे तो पत्रांत नसलेल्या प्रसंगींही काय करावें हें ठरवूं शकतो. बारीक लिहिणें आणि हात बांधणें या दोन गोष्टी एक नव्हेत.

दुसरें पत्र प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक यास इ. स. १६७५ च्या जानेवारींतलें. पद्मदुर्गाच्या कामावर व आरमारावर असलेल्या मंडळीस रोख व गल्ला पोंचविण्याचें काम त्याकडे होतें. तें त्यानें केलें नाहीं. महाराजांचा राग त्या पत्रांत ओसंडून वाहतो, आणि सुभेदार हबशाचा मिंधा झाला कीं काय असा उघड संशयही त्यांत आहे. ध्यानांत घेण्याजोगें तें असें कीं, सुभेदारानें विचारल्याशिवाय कांहीं केलें, ही त्याची तक्रार नाहीं. अधिकार हातीं असून त्यानें हात हलविला नाहीं, ही आहे. आमच्या पाहण्यांतील त्या काळच्या ताकीदपत्रांत हा सूर पुष्कळदां ऐकूं येतो. याच्या जोडीस गडावरील व्यवस्था घ्यावी. सभासदानें, म्हणजे कृष्णाजी अनंतानें, जिंजीसच राजाराममहाराजांच्या आज्ञेवरून १६९७ मध्यें आपली बखर लिहिली. तींत हवालदार, सबनीस व सरनौबत हे तिघे एका मानाचे असावेत व तिघांनीं मिळून कारभार करावा, असें दिलें आहे. गडावर शत्रु आला असतां रायगडास विचारण्याची वाट त्यांनीं पाहावयाची नव्हती. परंतु एकट्यानें गड देतां येणार नाहीं, अशी ती रचना. मोकळीक वेळेपुरती होती व आवर रचनेंत घातलेला होता.

आतां जिंजीकडे वळूं. १६९० नंतरच्या चार पांच वर्षांतील काम पाहिलें तर ही रीत किती मुरली होती तें दिसतें. रामचंद्रपंताचें ठाणें विशाळगडीं. मावळांतील गड परत घेण्याचें काम शंकराजी नारायणाकडे; त्यानें राजगड, तोरणा वगैरे घेतले आणि पुढें तो सचिव झाला. परशुराम त्रिंबकानें १६९२ मध्यें पन्हाळा घेतला. संताजी घोरपडे व धनाजी जाधव यांस तर कोणत्याही एका प्रांताची मर्यादा नव्हती. महाराष्ट्रांतून कर्नाटकांत आणि तेथून परत, जेथें मोंगल सरदार एकटा सांपडेल तेथें गांठावा, असा त्यांचा क्रम. १६९२ च्या डिसेंबरांत संताजीनें कांचीच्या बाजूस अलीमर्दानखानास धरलें. १६९५ च्या नोव्हेंबरांत चित्रदुर्गाकडील दोड्डेरी येथें कासिमखानास कोंडलें. खान तेथेंच मेला. दोन महिन्यांत बसवापट्टणाजवळ हिम्मतखान पडला. यांतील एकही लढाई जिंजीहून किंवा विशाळगडाहून आज्ञा मागवून झालेली असणें शक्य नाहीं. महाराजांस स्वतःस पन्हाळ्याहून जिंजीस जावयास महिन्यावर दिवस लागले होते. जासूद त्याहून लवकर जाई हें खरें, पण शत्रूची फौज त्याचें उत्तर येईपर्यंत एका जागीं थोडीच राहते?

याच वेळीं समोर काय चाललें होतें तें पाहिलें म्हणजे फरक स्पष्ट होतो. औरंगजेबापाशीं पैसा, तोफा, माणसें, कशाचीच वाण नव्हती. विश्वासाची मात्र होती. वडील शहाजादा मुअज्जम यास गोवळकोंडेकरांशीं संधान ठेवल्याच्या संशयावरून १६८७ मध्यें कैदेंत टाकलें, तो १६९५ त सुटला. जिंजीच्या वेढ्यावर झुल्फिकारखान. त्याच्यावर नजर म्हणून व मदत म्हणून वजीर असदखान व शहाजादा कामबक्ष यांस धाडलें. परिणाम असा कीं, १६९२ च्या अखेरीस व १६९३ च्या आरंभीं, मराठे वेढ्याबाहेरून दाबीत असतां, बापलेक सरदारांनीं शहाजाद्यासच कैद केलें, कारण त्यानें आंतून राजाराममहाराजांशीं बोलणें लाविल्याचा संशय आला; आणि मोंगली फौज वांदिवाशेकडे मागें हटली. प्रत्येक छावणींत वाकेनवीस, प्रत्येक वाक्यावर बादशहाचा शेरा, प्रत्येक सरदाराच्या मनांत आपल्याविषयीं काय लिहून गेलें असेल ही धास्ती. १६९० त लागलेला वेढा १६९८ च्या आरंभीं संपला, तोही महाराज निसटून गेल्यावर. झुल्फिकारखान मराठ्यांस आंतून सामील होता असें तेव्हांच लोक बोलत. तो सामील असो वा नसो, लवकर जिंकून बक्षीस मिळण्यापेक्षां लांबवून बदनामी टाळणें त्यास सोयीचें वाटावें, अशी ती रचनाच होती.

येथवर गुणांची बाजू झाली. परंतु जो लेख केवळ येथें थांबेल तो अर्धाच सत्य सांगेल.

पहिली अडचण मोबदल्याची. शिवाजीमहाराजांचा नियम सरदारांस रोख वेतन देण्याचा होता. मुलूख तोडून देण्याचा त्यांस तिटकारा. राजाराममहाराजांपाशीं रोख नव्हतें. मग स्वतःच्या हिमतीनें फौज उभी करणाऱ्यास द्यावयाचें काय? इ. स. १६९१ च्या जून महिन्यांतील हणमंतराव घोरपडे यांस दिलेलें पत्र या दृष्टीनें फार बोलकें आहे. त्यांस पांच लक्ष होनांची नेमणूक ठरली. पण ती एकदम नव्हे. रायगड प्रांत घेतल्यावर ६२,५००, विजापूर घेतल्यावर तितकेच, भागानगर घेतल्यावर तितकेच, औरंगाबाद घेतल्यावर तितकेच, आणि उरलेले २,५०,००० होन दिल्ली घेतल्यावर! कृष्णाजी घोरपडे यांसही याच धर्तीवर एक लक्षाची नेमणूक केली. स्वतःच्या गडास वेढा पडलेला असतां एकवीस वर्षांचा राजा दिल्लीचें बक्षीस वांटतो आहे, हें वाचून कोणास हसूं येईल, कोणाचा ऊर भरून येईल. आमचें दोन्ही झालें. परंतु कारभाराच्या दृष्टीनें पाहतां करार चतुर आहे. काय साधावयाचें तें पायरीपायरीनें सांगितलें. कसें साधावयाचें तें सर्वस्वीं त्यांच्यावर सोडलें. साधेपर्यंत तिजोरीस तोशीस नाहीं.

दोष आहे तो याच्या पुढच्या पायरीवर. ज्यानें स्वतःच्या पैशानें स्वार ठेवले, स्वतःच्या तलवारीनें मुलूख घेतला, त्यास तो मुलूख सरकारचा कसा वाटावा? मोकळीक कामापुरती दिलेली होती. मोबदला जमिनीचा ठरल्यामुळें ती काम संपल्यावर परत घेण्याची वाटच उरली नाहीं. सरंजामी पद्धतीचा उगम आमचे इतिहासकार याच काळांत दाखवितात. तो अधिकारदानांत नसून मोबदल्यांत आहे, इतकी दुरुस्ती आम्ही त्यास सुचवूं इच्छितों. रोख वेतनावर असलेल्या निळोपंतानें १६६६ त सोंपविलेला अधिकार धनी परत येतांच परत केला, आणि त्यांत त्याचें कांहीं गेलें नाहीं.

दुसरी अडचण अधिक घरगुती, आणि संग्राहकांस तिची ओळख पटकन् पटेल. वतनाचा अधिकार हुकूमतपन्ह्यास दिला. परंतु महाराजांनीं तो स्वतः वापरण्याचें सोडलें नाहीं. देशमुखीचे, पाटिलकीचे भांडणारे दोन भाऊबंद असले तर एक विशाळगडाची वाट धरी व दुसरा जिंजीची. विशाळगडीं गोतास व जुन्या महजरांस विचारून निकाल होण्याचा संभव होता. जिंजीस गोत कोठून येणार? तेथें समोर उभा राहिलेला मनुष्य, तो शेंकडों कोसांवरून शत्रूच्या मुलुखांतून जीव मुठींत धरून आलेला, आणि त्याच्या पाठीशीं शे-दोनशें हत्यारी माणसें मिळण्याची आशा. अशास रिकाम्या हातीं परत कोण पाठवील? महाराजांच्या उदारपणास व गरजेस आम्ही दोष देत नाहीं. परंतु परिणाम असा झाला कीं, एकाच वतनाच्या दोन सनदा, दोन्ही खऱ्या, दोन्ही शिक्क्यांच्या, दोन भाऊबंदांच्या हातीं आल्या. कित्येक ठिकाणीं बादशाही सनद ही तिसरी. पुढें शाहूमहाराजांच्या व पेशव्यांच्या कारकीर्दींत हे तंटे चाललेले आपण करीन्यांतून वाचतों.

यांत नुकसान केवळ वतनदारांचें झालें असें नव्हे. विशाळगडचा निकाल जिंजीस फिरतो हें एकदां कळल्यावर विशाळगडच्या शब्दाचें मोल उतरलें. ज्यास मुलूख राखावयाचा त्याचा निवाडा फिरविणारा राखणीची जोखीम मात्र घेत नाहीं, अशी ती स्थिति. अधिकार काढून घेतला असता तर रामचंद्रपंतास निदान तें कळलें तरी असतें. येथें तो हातीं असून पोकळ होत होता.

तिसरी गोष्ट संताजीची. ती सांगतांना लेखणी जड होते. संताजीइतकी लष्करी बुद्धि त्या काळीं दोन्ही पक्षांत कोणापाशीं नव्हती, हें शत्रूकडील फारसी लेखकही कबूल करतात. त्याची शिस्त कडक होती. सेवक दबून असत व मनांतून नाखूष असत. १६९३ मध्यें एकदां बेबनाव होऊन तो महाराजांपासून दूर गेला होता, मग समेट झाला. दोड्डेरी व बसवापट्टण येथील जयांनंतर तो १६९६ मध्यें जिंजीकडे आला, तेव्हां बक्षिसावरून व मानावरून पुन्हा बिनसलें. महाराज धनाजीच्या बाजूस झाले. वृद्धाचलाच्या बाजूस आयेवारकुटी येथें मराठ्यांचें सैन्य मराठ्यांच्या सैन्याशीं लढलें. धनाजीचा पराभव झाला, अमृतराव निंबाळकर मारला गेला, आणि खुद्द महाराज संताजीच्या हातीं सांपडले. त्यानें हात जोडून त्यांस सोडलें असें सांगतात. पुढच्याच वर्षीं, १६९७ त, नागोजी मानें यानें शंभुमहादेवाच्या डोंगरांत संताजीस एकटा गांठून मारलें.

या शोकांतिकेचें कारण कोणी संताजीच्या स्वभावांत शोधतात, कोणी महाराजांच्या कानाच्या हलकेपणांत. दोन्हींत तथ्य असेल. आमच्या मतें त्याखालीं एक साधें कारण आहे. रामचंद्रपंताचा व शंकराजीचा अधिकार कोठें सुरू होतो व कोठें संपतो हें निदान मुलुखावरून समजे. संताजी व धनाजी यांचें कार्यक्षेत्र एकच, काम एकच, सेनापतिपद एकच. तें एकदां याजकडे, एकदां त्याजकडे. दोघांत वाद पडला तर तो तोडणारा एक धनी, आणि तो जिंजींत कोंडलेला. समोर जो येईल त्याचें ऐकणारा. पूर्ण मोकळीक दिलेल्या दोन माणसांच्या मध्यें सीमा न आंखणें, हें त्या मोकळिकेस न शोभणारें होतें. विशाळगड आणि राजगड यांत अशी लढाई झाली नाहीं, याचें श्रेय कांहीं अंशीं त्या सीमेस दिलें पाहिजे.

महाराज १६९८ च्या आरंभीं विशाळगडास परत आले. सातारा राजधानी झाली. १७०० च्या मार्चांत सिंहगडावर त्यांचें देहावसान झालें. रामचंद्रपंत पुढें पुष्कळ वर्षें जगला, आणि १७१५ मध्यें, कोल्हापूरच्या संभाजीमहाराजांच्या कारकीर्दींत, ‘आज्ञापत्र’ नांवानें प्रसिद्ध असलेला राजनीतीचा ग्रंथ सिद्ध झाला. त्याच्या कर्तृत्वाविषयीं वाद झाले आहेत. आम्ही तो रामचंद्रपंताचाच मानतों. हा ग्रंथ एरवीं सामान्य नीतिग्रंथाप्रमाणें वाचला जातो. जिंजीचीं आठ वर्षें मनांत धरून तो वाचावा म्हणजे त्यांतील कित्येक प्रकरणें अनुभवाच्या चटक्यांनीं लिहिल्यासारखीं वाटतात.

वतनदार हे लहानसे राजेच आहेत, त्यांस फार सैल सोडूं नये व फार आवळूंही नये, असें तेथें म्हटलें आहे. ज्यानें दहा वर्षें देशमुखांस वतनें देऊन देऊन शत्रूकडून ओढून आणलें, त्याचे हे शब्द आहेत. सेवकास सेवेबद्दल वृत्ति किंवा जमीन तोडून देऊं नये, दिलेली जमीन वंशपरंपरा जाते व राज्य तितकें उणें होतें, असा त्यांत स्पष्ट उपदेश आहे. घोरपड्यांच्या पत्राशेजारीं हें प्रकरण ठेवून पाहावें! गडावरील हवालदार, सरनौबत, सबनीस, कारखानीस यांस तीन ते पांच वर्षांनीं बदलावें, असेंही सांगितलें आहे. आणि तरी आपल्या मुदतींत गडाचा भार त्यांच्यावरच असावयाचा. प्रधान हा मत्त हत्तीच्या अंकुशासारखा, ही उपमा ज्यानें लिहिली त्यास अंकुश हातीं असून हत्ती दुसऱ्याच माहुताचें ऐकतो म्हणजे काय होतें, हें ठाऊक होतें. ग्रंथांत रामचंद्रपंत राजाराममहाराजांची निंदा कोठें करीत नाहीं. आदर ठेवून दोष सांगण्याची ही जुनी मराठी रीत आहे, व ती सांभाळूनही त्यानें जें सांगावयाचें तें सांगितलें आहे.

उलट पक्षीं त्यानें सेवकांस मोकळीक देऊं नये असा निष्कर्ष काढलेला नाहीं, ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. ज्यानें मोकळिकेचे सर्व तोटे भोगले, त्यास बादशहासारखा प्रत्येक कागदावर शेरा मारणारा धनी हवासा वाटला असता, तर नवल नव्हतें. त्यास तसा धनी नको आहे. मुदत ठरवावी, वेतन रोख द्यावें, भार एकावर टाकावा, आणि हिशेब ठेवणारा निराळा असावा, एवढेंच तो मागतो.

या विषयाच्या पुढील अभ्यासास लागणारीं साधनें मोठ्या दप्तरांपेक्षां घरोघरच्या रुमालांत अधिक आहेत. म्हणून संग्राहक मित्रांस एक विनंति करावीशी वाटते. एकाच वतनाविषयीं जिंजीची सनद व रामचंद्रपंताचें किंवा शंकराजीचें पत्र अशीं दोन्ही ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं तीं निरनिराळ्या रुमालांत लावूं नयेत. जिंजीच्या सनदेस शिक्का व मोर्तब असल्यामुळें ती कांचेखालीं जाते, आणि विशाळगडचें साधें पत्र किरकोळ कागदांत पडतें, असें आम्हीं पुष्कळ ठिकाणीं पाहिलें आहे. दोन्हींच्या तारखा, दोन्हींच्या पाठीवरील बार, आणि शक्य असेल तर त्यांपुढील करीना, हीं एकत्र उतरून घ्यावींत. कोणता हुकूम आधीं निघाला, दुसरा काढणारास पहिल्याची खबर होती किंवा नव्हती, आणि शेवटीं जमीन कोणाच्या वहिवाटीस राहिली, या तीन प्रश्नांचीं उत्तरें अशा जोडीवरूनच मिळतात. सुट्या कागदावरून तीं मिळत नाहींत, मग त्यावरील शिक्का कितीही ठसठशीत असो.